रडार ट्रान्समीटरचा सॉलिड-स्टेट स्विच: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टीच्या पॅनेलवर मी सात वर्षं काम केलं. एससीआर नावाचे सेमीकंडक्टर स्विच बदलणं, कपॅसिटर तपासणं, पाण्याची लाइन बघणं, रात्री दोनला फोन आला की गाडी काढून पळणं. मग एका लहान कारखान्यात रडार ट्रान्समीटरचे मॉड्युलेटर, म्हणजे ट्यूबला व्होल्टेजच्या पल्स देणारे भाग, बनवायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी वाटलं, हेही पॅनेलच आहे, फक्त व्होल्टेज जास्त. पहिल्या महिन्यात तीनदा अख्खी स्टॅक, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या स्विचची माळ, गेली. त्यातल्या दोन वेळा कारण एकच निघालं. स्विच चालू करायची तयारी पक्की होती, बंद करायची नव्हती.

भट्टीतला एससीआर गेटवर इशारा दिला की चालू होतो, पण गेटवरून बंद होत नाही. करंट शून्यावर यायची वाट बघावी लागते. रडारमध्ये जुना थायरॅट्रॉनही असाच. हायड्रोजन भरलेली ती ट्यूब एकदा पेटली की मागचं सगळं साठवण रिकामं झाल्याशिवाय थांबत नाही. वर हीटर तापायला काही मिनिटं द्यावी लागतात आणि आयुष्य तासांत मोजावं लागतं. सॉलिड-स्टेट, म्हणजे सेमीकंडक्टरचा, स्विच आला तो मुख्यतः यासाठी, की तो मधेच उघडता, म्हणजे बंद करता, येतो. लोड शॉर्ट झालेला असताना, करंट चढत असताना, मायक्रोसेकंदाच्या आत. खालची प्रत्येक पायरी या एका गोष्टीपाशी येते.

हे मी आपल्या भागातल्या मुलांसाठी लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची डिप्लोमा झालेली, हाताला कसब असलेली मुलं फर्नेस आणि यूपीएसच्या कामात आहेत. या कामाकडे वळायचं तर पाया त्यांच्याकडे आहे, फक्त काही सवयी मोडाव्या लागतात.

१. आधी ट्यूब काय मागते ते बघा

स्विचपासून सुरुवात करू नका, ट्यूबपासून करा. रडार ट्रान्समीटरमध्ये मॅग्नेट्रॉन, क्लायस्ट्रॉन किंवा ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब असते, रडारच्या लहरी तिच्यातून निघतात. तिला थोड्या मायक्रोसेकंदांसाठी हजारो व्होल्ट द्यायचे, मग काढून घ्यायचे, आणि हे सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा करायचं. ट्यूबचं अंग वेव्हगाइडला, म्हणजे लहरी नेणाऱ्या धातूच्या नळीला, जोडलेलं असतं, म्हणून ते अर्थला राहतं आणि कॅथोड उणे व्होल्टेजवर जातो. म्हणजे हीटरचा ट्रान्सफॉर्मरही त्या व्होल्टेजवर तरंगतो. नवा माणूस हे पहिल्यांदा विसरतो.

शिकायला जहाजांच्या रडारमधला २५ किलोवॉटचा मॅग्नेट्रॉन चांगला. त्याला साधारण ८ किलोव्होल्ट आणि ८ अँपिअर लागतात. इथे उंच स्टॅक लागत नाही. १:१६ चा पल्स ट्रान्सफॉर्मर लावला की प्रायमरीत ५०० व्होल्ट आणि १२८ अँपिअर, म्हणजे फर्नेसवाल्याच्या ओळखीचे आकडे. एक-दोन आयजीबीटीत (गेटवरून चालू आणि बंदही होणारा सेमीकंडक्टर स्विच) काम होतं. हीटरचा करंटही त्याच ट्रान्सफॉर्मरच्या जोडतारेच्या (दोन तारा सोबत गुंडाळलेल्या) सेकंडरीतून वर नेता येतो. मात्र मॅग्नेट्रॉनच्या डेटाशीटमध्ये व्होल्टेज चढण्याचा वेग किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद असा दिलेला असतो, तो पाळा. वेग चुकला तर मॅग्नेट्रॉन भलत्याच मोडमध्ये जातो, आणि दोष मात्र स्विचवर येतो.

पल्स लांब असेल किंवा रुंदी सारखी बदलायची असेल तर ट्रान्सफॉर्मरचा कोअर आड येतो. मग थेट स्टॅक बांधावी लागते: अनेक आयजीबीटी एकामागे एक जोडून पूर्ण व्होल्टेज तोडायचं. पुढचं सगळं त्या स्टॅकबद्दल आहे.

२. कागदपत्रं आणि हत्यारं

कागद आधी जमवा. मधेच अडकलात तर महिने जातात.

- त्या सिरियल नंबरच्या ट्यूबची टेस्ट शीट. मॉडेलचं माहितीपत्रक पुरत नाही, दोन ट्यूबचे आकडे वेगळे असतात.
- आयजीबीटीची पूर्ण डेटाशीट. त्यात शॉर्ट सर्किट सहन करायचा वेळ लिहिलेला हवा. लिहिलेला नसेल तर तो भाग घेऊ नका.
- परदेशातून माल मागवायचा असेल तर कंपनीचा आयात-निर्यात कोड, कस्टमसाठी केवायसी आणि अंतिम वापराचं पत्र. ट्रिगर होणारे स्पार्क गॅप (ठिणगीने करंट सोडणारी फट), पल्स कपॅसिटर, थायरॅट्रॉन यांसाठी विक्रेता हे पत्र मागतोच, कारण या वस्तूंवर निर्यात नियंत्रण असतं. पत्रात गोलमोल लिहू नका, नेमकं काम लिहा.
- अँटेनातून हवेत सोडायचं असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना. परवाना नाही तोवर सगळं काम डमी लोडवर, म्हणजे शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टन्सवर.
- मोठ्या क्लायस्ट्रॉनमधून क्ष-किरण निघतात. तिथे शिशाचं आवरण, किरणांची मोजणी आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आले.
- एक जाड लॉगबुक, पानांवर नंबर टाकलेलं.

हत्यारांमध्ये १००० पट भाग करणारा हाय-व्होल्टेज प्रोब, पल्स करंट मोजायचा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर, निदान १०० मेगाहर्ट्झचा स्कोप, मेगर, व्हॅरिअॅक, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि दोन अर्थिंग रॉड. टेकट्रॉनिक्सचा पी६०१५ए हा प्रोब बहुतेक ठिकाणी दिसेल. त्यावर ४० किलोव्होल्ट वाचून हुरळू नका, ते फक्त पल्ससाठी आहे. सलग डीसीला मर्यादा २० किलोव्होल्टचीच. करंट ट्रान्सफॉर्मर स्कोपला जोडताना ५० ओहमचं टर्मिनेशन लावलं की त्याचं माप निम्मं होतं. माझ्याबरोबरच्या एकाने हे विसरून दुप्पट करंटवर आठवडाभर चाचण्या केल्या.

आयजीबीटी कुठून घ्यायचे? मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळुरूचा एस. पी. रोड हे इलेक्ट्रॉनिक्सचे दोन्ही बाजार आपल्याला एका रात्रीच्या प्रवासावर आहेत, आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला जाऊन पिशवीभर माल आणायचा मोह होतो. जोडणीचा बाकी माल जरूर आणा. पण स्टॅकचे आयजीबीटी अधिकृत वितरकाकडूनच, एकाच बॅचचे, लागतील त्यापेक्षा दहा जास्त. जुन्या यूपीएसमधून काढून, पाय घासून, नव्यासारखे केलेले भाग बाजारात फिरतात. एकट्याने वापरले तर ते चालतातही. स्टॅकमध्ये मात्र सगळ्यांचं वागणं एकसारखं लागतं.

या आयजीबीटीचं आपल्या कर्नाटक राज्याशी नातं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयजीबीटीच्या जडणघडणीत ज्यांचं नाव आधी घेतलं जातं ते बी. जयंत बालिगा बेंगळुरूजवळच्या जालहळ्ळीत वाढले. त्यांचे वडील भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये होते. १९६९ साली आयआयटी मद्रासमधून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी हे काम केलं. त्याच जालहळ्ळीत आज भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि मायक्रोवेव्ह ट्यूबचं संशोधन केंद्र आहे. डेटाशीट उघडताना मला हे आठवतं आणि बरं वाटतं.

३. खोली तयार करा, आणि शब्द ठरवा

पुढच्या पायरीत आपण २० किलोव्होल्टला ०.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेणार आहोत. त्यात ४० जूल साठतात. एवढे जूल छातीतून गेले तर हृदय थांबू शकतं. भट्टीच्या पॅनेलवर झटका बसून उठलेली माणसं मी पाहिली आहेत. इथे तो भरवसा धरू नका.

जाळीचा पिंजरा करा, दाराला इंटरलॉक लावा. दार उघडलं की सप्लाय तुटला पाहिजे आणि कपॅसिटरवर वजनाने पडणारा शॉर्टिंग दांडा आपोआप खाली आला पाहिजे. कपॅसिटरवर ५० मेगाओहमची ब्लीडर साखळी, म्हणजे चार्ज आपोआप रिकामा करणारे रेझिस्टन्स, कायमची हवी: १० सेकंदाचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे ५० सेकंदांनी २० किलोव्होल्टचे सुमारे १३५ व्होल्ट उरतात. त्यानंतर अर्थिंग रॉड, आधी रेझिस्टन्सवाला, मग थेट. रॉड तसाच लटकत ठेवा. कपॅसिटर शॉर्ट करून सोडला तर काही मिनिटांत त्यावर पुन्हा व्होल्टेज उगवतं. डायइलेक्ट्रिकमध्ये मुरलेला चार्ज वर येतो. गोदामात ठेवलेला सुटा कपॅसिटरही टर्मिनलांना तार गुंडाळूनच ठेवायचा.

खोलीत नेहमी दोघं. आणि आता शब्दांबद्दल, कारण आपल्या भागात ही खरी अडचण आहे. आमच्या टेस्ट रूममध्ये एक जण मराठी बोलायचा, एक कन्नड, आणि मदतनीस हिंदी. एकदा मी आतून 'थांब, लावू नको' म्हणालो, बाहेरच्याने त्यातलं 'लाव' एवढंच ऐकलं आणि चार्जिंगचं बटण दाबलं. इंटरलॉक होता म्हणून वाचलो. त्या संध्याकाळी आम्ही दोन शब्द ठरवले: व्होल्टेज चढवण्याआधी 'चार्ज', आणि रॉड लावल्यावर 'अर्थ'. दुसरं काही बोलायचं नाही, आणि समोरच्याने तोच शब्द परत म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. दारावरच्या पाटीवर 'अपाय' लिहिलं, देवनागरीत आणि कन्नड लिपीत. कन्नडमध्ये त्याचा अर्थ धोका, मराठीत इजा. दोघांनाही समजतो.

४. वहीवर गणित मांडा

उदाहरण घेऊ: २० किलोव्होल्ट, २० अँपिअर, २ मायक्रोसेकंदाची पल्स, सेकंदाला १००० वेळा. पल्सच्या वेळी ४०० किलोवॉट, पण सरासरी फक्त ८०० वॉट.

साठवणीचा कपॅसिटर: एका पल्समध्ये २० अँपिअर गुणिले २ मायक्रोसेकंद, म्हणजे ४० मायक्रोकूलंब चार्ज जातो. पल्सच्या शेवटी व्होल्टेज एक टक्का, म्हणजे २०० व्होल्ट खाली आलं तर चालेल असं धरलं, तर ४० भागिले २००, म्हणजे ०.२ मायक्रोफॅरड. डॉप्लर रडारला हा एक टक्काही खुपतो, कारण क्लायस्ट्रॉनचं व्होल्टेज हललं की बाहेर पडणाऱ्या लहरीची फेज हलते. आपल्याकडचा पाऊस बघायला आपण पणजीच्या डॉप्लर रडारची चित्रं मोबाईलवर उघडतो. ढग कुठल्या दिशेला किती वेगाने सरकतोय हे असं रडार फेजच्या फरकावरूनच ओळखतं. त्यातही प्रत्येक पल्स सारखीच खाली आली तर निभावतं. एका पल्सपासून दुसरीत फरक पडला तर हिशेब बिघडतो, म्हणून चार्जिंग सप्लाय दर पल्सला कपॅसिटर नेमक्या त्याच व्होल्टेजवर आणून ठेवणारा हवा.

आता वहीत कोणी न लिहिणारी गोष्ट: केबल. स्विचपासून ट्यूबपर्यंत १० मीटर कोअॅक्सियल केबल टाकली, तर मीटरमागे १०० पिकोफॅरडने १ नॅनोफॅरड होतो. २० किलोव्होल्टला त्यात ०.२ जूल भरतात, दर पल्सला. सेकंदाला १००० पल्स म्हणजे २०० वॉट, ट्यूबला दिलेल्या ८०० वॉटच्या पाव हिश्शाएवढे, नुसते केबल भरण्यात. शिवाय स्विच उघडल्यावर केबलमधला चार्ज ट्यूबमधूनच रिकामा होतो आणि पल्सला शेपूट येतं. स्टॅक ट्यूबच्या जवळ न्या. दीड मीटर केबलमध्ये जमत असेल तर दहा मीटरची सोय बघू नका. शेपूट तरीही नको असेल तर ते खाली खेचायला दुसरी लहान स्टॅक लावावी लागते, आणि खर्च वाढतो.

५. व्होल्टेजची वाटणी

१२०० व्होल्टचा आयजीबीटी सलग डीसीवर १२०० ला चालवायचा नसतो. माझा नियम ७०० च्या वर नाही. एक कारण स्विचिंगचे झटके. दुसरं बऱ्याच जणांना खरं वाटत नाही: आकाशातून येणारे वैश्विक किरण. त्यांच्यातला न्यूट्रॉन चिपला लागला आणि त्या क्षणी व्होल्टेज रेटिंगच्या जवळ असेल, तर चिप तिथेच जळते. व्होल्टेज थोडं कमी ठेवलं की ही शक्यता झपाट्याने उतरते.

२०,००० भागिले ७००, म्हणजे २९. त्यात तीन जास्त घालून ३२ घ्या. प्रत्येकाच्या वाट्याला ६२५ व्होल्ट. दोन शॉर्ट झाले तरी उरलेल्यांवर ६६७.

स्विच उघडा असताना व्होल्टेज सारखं वाटलं जावं म्हणून प्रत्येकाला समांतर रेझिस्टन्स. गरम झाल्यावर गळती १०० मायक्रोअँपिअर धरली तर रेझिस्टन्समधून त्याच्या दहापट जाऊ द्या. साधारण ६६० किलोओहम येतो. इथे मोठा सापळा आहे. अर्धा वॉटचा एकच रेझिस्टन्स लावू नका, आणि नुसतं वॉटेजही बघू नका. लहान रेझिस्टन्सना व्होल्टेजचीही मर्यादा असते, अर्ध्या वॉटच्या साध्या भागाला बहुधा ३५० व्होल्टची. ६२५ वर तो लगेच जळत नाही, हळूहळू बदलतो. माझी दुसरी स्टॅक अशीच गेली: चौथ्या दिवशी, काही न करता, नुसत्या १४ किलोव्होल्टला उभी असताना. २२० किलोओहमचे तीन, एक वॉटचे, ओळीत लावा. प्रत्येकावर २०८ व्होल्ट येतात.

हे झालं उभ्या व्होल्टेजचं. उघडताना आणि मिटताना वाटणी रेझिस्टन्स करत नाही, प्रत्येकाला समांतर लावलेला स्नबर कपॅसिटर करतो. समजा एक आयजीबीटी बाकीच्यांपेक्षा ५० नॅनोसेकंद आधी उघडला. तेवढा वेळ सगळा २० अँपिअर करंट त्याच्या स्नबरमध्ये जातो. २० नॅनोफॅरड लावला असेल तर त्यावर ५० व्होल्ट जास्त चढतात. सोसवतं. त्याची किंमत म्हणजे दर पल्सला सुमारे ३.९ मिलिजूल उष्णता, १००० पल्सना ३.९ वॉट, बत्तीस जणांचे मिळून सव्वाशे वॉट. पंखा आणि हीटसिंक यासाठी आधीच ठेवा.

पण हे गणित २० अँपिअरचं आहे. ट्यूबमध्ये आर्क झाला, म्हणजे आत ठिणगी पडून लोड शॉर्ट झाला, आणि स्विच १२० अँपिअरवर उघडावा लागला, तर त्याच ५० नॅनोसेकंदांत ३०० व्होल्ट चढतात: ६२५ अधिक ३००, ९२५. अजून वाचलो. उशीर १५० नॅनोसेकंदांचा असेल तर १५२५, आणि १२०० चा भाग संपला. म्हणजे रोजच्या पल्सला महिनोन्महिने छान चालणारी स्टॅक पहिल्याच आर्कला जाते. हे गणित मी तिसरी स्टॅक जळाल्यावर केलं. तुम्ही पहिल्या स्टॅकआधी करा.

६. सगळ्यांना एकाच क्षणी हाक

बत्तीस आयजीबीटी बत्तीस वेगवेगळ्या व्होल्टेजवर तरंगतात. प्रत्येकाला इशारा आणि वीज दोन्ही द्यायची असते.

इशाऱ्यासाठी प्लास्टिक फायबर चांगला. एचएफबीआर-१५२१ आणि २५२१ ही जोडी स्वस्त आहे आणि लाल उजेड डोळ्यांना दिसतो, त्यामुळे कुठली फायबर मेली ते लगेच कळतं. पण एका रिसीव्हरपासून दुसऱ्यात उशिराचा फरक पडतो, आणि उजेड कमी-जास्त असला तरी पडतो. सगळ्या फायबर एकाच लांबीच्या कापा, टोकं बारीक पॉलिश पेपरवर घासा, मग प्रत्येक बोर्डाचा उशीर स्कोपवर मोजून लॉगबुकात लिहा. मी २० नॅनोसेकंदांपलीकडचा बोर्ड बाजूला काढतो.

विजेसाठी सोपी आणि टिकाऊ युक्ती: प्रत्येक बोर्डावर एक फेराइट रिंग, आणि सगळ्या रिंगांमधून एकच हाय-व्होल्टेज सिलिकॉन केबल ओवायची. त्यातून उच्च वारंवारतेचा करंट सोडला की प्रत्येक रिंगेच्या सेकंडरीत सारखीच वीज मिळते, कारण करंट एकच आहे. रिंगा हाताने गुंडाळायला मोटर वायंडिंगवाल्यांची मदत घ्या. बेळगावच्या शहापुरातल्या ज्या मामांनी मला गुंडाळून दिल्या, त्यांनी रडार कधी पाहिलं नव्हतं, पण बत्तीस रिंगांमध्ये एकही वेढा मागेपुढे झाला नाही. केबल मात्र घरगुती पीव्हीसीची वापरू नका. पहिल्या दिवशी चालते, रिंगेच्या कडेला कोरोना (हवेतली बारीक विद्युतगळती) होऊन आठवड्यात भोक पडतं.

प्रत्येक बोर्डाकडून परत येणारी एक फायबरही ठेवा, 'मी जिवंत आहे' एवढंच सांगणारी. आयजीबीटी बहुधा शॉर्ट होऊन मरतो, आणि जास्तीचे तीन असल्यामुळे स्टॅक चालूच राहते. कोणाला कळत नाही. चौथा गेला की उरलेल्यांवर भार येतो आणि सगळे एकदम जातात.

७. आर्क झाला तर

ट्यूबमध्ये आर्क होणारच, विशेषतः नवीन किंवा बरेच दिवस बंद असलेल्या ट्यूबमध्ये. आर्क म्हणजे लोड शॉर्ट. थायरॅट्रॉनच्या काळात मोठ्या ट्रान्समीटरना क्रोबार लावत: आर्क दिसला की कपॅसिटरच शॉर्ट करून सगळी ऊर्जा तिकडे वळवायची. आपला स्विच उघडतो, म्हणून क्रोबार लागत नाही. पण उघडायला त्याला वेळ मिळाला पाहिजे.

तो वेळ ओळीतला इंडक्टर देतो. आर्क ओळखून बत्तीसही बोर्ड बंद व्हायला एकूण १ मायक्रोसेकंद लागतो असं धरा. २० किलोव्होल्टला २०० मायक्रोहेन्री लावला तर त्या वेळात करंट १०० अँपिअरने वाढतो, आधीचा २० धरून १२०. वरच्या गणितातले १२० इथून आले. इंडक्टरवर डायोड आणि रेझिस्टन्स लावा, नाहीतर उघडताना त्यातली दीड जूल स्टॅकवर येते. रोजच्या पल्सवर त्याचा परिणाम थोडा, १००० ओहमच्या लोडला चढायला ०.२ मायक्रोसेकंदाचा टाइम कॉन्स्टंट.

आता सगळ्यात महागाचा सापळा. बाजारातल्या तयार गेट ड्रायव्हरमध्ये डीसॅट संरक्षण असतं: आयजीबीटीवर व्होल्टेज चढलं की तो आपल्यापुरता बंद होतो. एकट्या आयजीबीटीला ते वाचवतं. स्टॅकमध्ये एकाने स्वतःच्या मनाने बंद होणं म्हणजे पूर्ण २० किलोव्होल्ट त्या एकट्यावर. ते स्थानिक बंद होणं काढून टाका. ओळखायचं काम एका करंट ट्रान्सफॉर्मरने, ठरवायचं एका कंट्रोलरने, आणि बंद सगळ्यांनी मिळून.

बरेच औद्योगिक आयजीबीटी १० मायक्रोसेकंद शॉर्ट सर्किट सोसतात, नवे काही ५-६, सिलिकॉन कार्बाइडचे मॉसफेट २-३ च. सिलिकॉन कार्बाइड वेगवान आहे म्हणून पहिल्याच कामाला तो घेऊ नका. चुकीला जागा उरत नाही.

८. पावसाळा, धूळ आणि तेल

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. हवा इथे किनाऱ्यापेक्षा जवळजवळ आठ टक्के विरळ, म्हणजे ठिणगी तेवढी लवकर पडते. पुस्तकातलं ३० किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर हे सपाट इलेक्ट्रोडमधलं, समुद्रसपाटीचं. टोकदार सोल्डरला त्यातलं काही लागू होत नाही. हाय-व्होल्टेज बोर्डावर प्रत्येक सोल्डरचा थेंब गोल करा, पाय कापून टोक सोडू नका.

जून ते सप्टेंबर आपल्याकडची ओल आणि उद्यमबागेतली वाळू-लोखंडाची धूळ एकत्र आली की बोर्डाच्या पृष्ठभागावरून करंट सरपटायला लागतो. फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळवा, कोटिंग द्या. १५ किलोव्होल्टच्या वर मी सरळ तेलाच्या टाकीत जातो. तेल कुठलं घेता यापेक्षा कसं ठेवता हे महत्त्वाचं. हेस्कॉम या वीज कंपनीचे ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या ठेकेदारांकडे तेल गाळायचं यंत्र आणि बीडीव्ही (तेल किती व्होल्टेजला तुटतं ते) तपासायचा संच असतो. २.५ मिलिमीटर अंतरावर ३० किलोव्होल्टच्या खाली तुटणारं तेल टाकीत ओतू नका. उघडा ठेवलेला पिंप पावसाळ्यात दोन रात्रींत बिघडतो. टाकी भरल्यावर बुडबुडे वर यायला दिवसभर थांबा.

९. पायरीपायरीने व्होल्टेज चढवा

एक बोर्ड, ३० व्होल्टचा बेंच सप्लाय. मग एक बोर्ड, ६०० व्होल्ट, दोन पल्सची चाचणी. मग चार बोर्ड. मग अख्खी स्टॅक २ किलोव्होल्टला, आणि इथे प्रत्येकावरची वाटणी मोजा. पूर्ण व्होल्टेजला ती मोजता येत नाही. स्कोपचा अर्थ काढून तरंगता ठेवून मोजायची फर्नेसवाल्यांची सवय इथे प्राणावर बेतेल. डिफरन्शियल प्रोब वापरा, किंवा एक टोक अर्थला असलेला खालचाच भाग मोजा.

डमी लोडसाठी तार गुंडाळलेले रेझिस्टन्स चालत नाहीत, त्यात इंडक्टन्स असतो. मोरचूद वापरा. अथणीकडचे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणाला जे मोरचूद आणतात, तेच कृषी सेवा केंद्रात मिळतं. डिस्टिल्ड पाण्यात थोडंथोडं विरघळवत प्लास्टिकच्या नळीत भरा, दोन्ही टोकांना तांब्याच्या चकत्या, वर हवा निघायला जागा. मीटरचा डीसी रेंज त्यावर नीट चालत नाही, कमी व्होल्टेजच्या पल्सने रेझिस्टन्स मोजा. सरासरी ८०० वॉट सोडायचे तर पाणी फिरतं ठेवा. तापलं की रेझिस्टन्स उतरतो.

शेवटची चाचणी तारेची. वायंडिंगवाल्यांकडून ४२ नंबरची तांब्याची तार घ्या, ०.१ मिलिमीटरची, २० सेंटिमीटर लांब. ती वितळायला सुमारे ९ जूल लागतात. स्पार्क गॅपच्या ओळीत लावून पूर्ण २० किलोव्होल्टला लोडच्या जागी शॉर्ट करा. कपॅसिटरमध्ये ४० जूल उभे आहेत. स्विच वेळेत उघडला तर ठिणगीचा आवाज येतो आणि तार जशीच्या तशी राहते. नाही उघडला तर तार दिसणारही नाही. दहा वेळा करा, दर वेळी करंटचा आलेख जपून ठेवा आणि बत्तीसही बोर्डांचे दिवे बघा.

आमची चौथी स्टॅक या चाचणीला उभी केली तेव्हा शहापूरचे मामा बघायला आले होते. मी 'चार्ज' म्हटलं, बाहेरून 'चार्ज' आलं, टक् असा आवाज झाला. रॉड लावून 'अर्थ' म्हटल्यावर आम्ही आत गेलो. मामांनी चष्मा वर करून तार बोटांत धरली आणि उजेडाकडे नेली. अखंड होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ट्यूब जोडली.